केरूनाना छत्रे : आपल्या किनाऱ्यावरील एक थोर शिक्षक

महोत्सवाच्या स्मरणिकेत धर्मग्रामाचा इतिहास, पूर्वीच्या धर्मगुरूंची स्मरणे व उपकारकर्त्यांची नावे यावीत हा रिवाज जुना आहे आणि तो योग्यच आहे. ती सर्व ह्या पुस्तिकेत अन्यत्र आली आहेत. ह्या पानांवर मात्र आम्ही अशा एका गृहस्थाचे चरित्र देत आहो, की जे आपल्या धर्माचे नव्हते. परंतु ज्यांचा जन्म आपल्याच किनाऱ्यावर झाला आणि ज्यांनी सारे आयुष्य मुलांस व तरुणांस शिकविण्यात वेचले. ते गृहस्थ म्हणजे रावबहादूर केरो लक्ष्मण छत्रे. महाराष्ट्र त्यांस केरूनाना ह्या नावाने ओळखतो. आपल्या वाडवडिलांनी देवळाच्या शेजारीच शाळा उभारली, तेव्हा उत्तम शिक्षक कोणास म्हणावे हा प्रश्न आपल्या धर्मग्रामाचाही आहे. आणि त्याचे उत्तर शेजारच्या गावी सापडत असेल तर ते घेण्यास आपण संकोच का करावा?

अलिबागेहून रेवदंड्याकडे जाताना वाटेत नागाव लागते. नारळी-पोफळीच्या वाड्या आणि पलीकडे पुळण, असे हे गाव आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले आहे. तेथे १६ मे १८२४ रोजी केरूनानांचा जन्म झाला. त्या वेळी हा मुलूख आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानात मोडत असे. पुढे तो इंग्रजांच्या कुलाबा जिल्ह्यात गेला, आणि १९८१ सालापासून त्या जिल्ह्यास रायगड हे नाव मिळाले. छत्रे ह्यांच्या घराण्यात विद्येची आवड होती. इसापनीतीच्या कथा व बाळमित्र हे पुस्तक मराठीत आणणारे सदाशिव काशिनाथ छत्रे हे केरूनानांचे आप्त होत. विद्याभ्यासासाठी केरूनाना मुंबईस गेले आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन ह्या विद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांस दोन मोठे गुरू लाभले. एक आपल्याच कोकणातील बाळशास्त्री जांभेकर, आणि दुसरे ऑर्लेबार नावाचे इंग्रज प्राध्यापक. गणित व ज्योतिष ह्यांची गोडी केरूनानांस ह्याच ठिकाणी लागली.

ऑर्लेबार साहेबांकडे विद्यालयाच्या कामाबरोबर कुलाब्याच्या वेधशाळेचेही काम आले. ही वेधशाळा मुंबईच्या दक्षिण टोकास १८२६ साली बांधली गेली होती. प्रथम तिचा उपयोग जहाजांस वेळ कळविण्याकडे व आकाशाचे वेध घेण्याकडे व्हावयाचा होता. १८४१ पासून तेथे हवेची व पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे नियमाने सुरू झाली. ह्या कामासाठी साहेबांनी आपल्या विद्यार्थ्यांतून जो मदतनीस निवडला तो केरूनाना. वय अवघे सोळा वर्षांचे, आणि वेतन दरमहा ५० रुपये. पुढील सुमारे दहा वर्षे त्यांनी ह्या वेधशाळेत काढली. त्यांच्या पुढच्या साऱ्या आयुष्याचा पाया येथे घातला गेला, असे आमचे मत आहे.

वेधशाळेतील काम कसे असते हे थोडेसे सांगितले पाहिजे. ठरलेली वेळ झाली की, दिवस असो वा रात्र असो, पहारेकऱ्याने यंत्रापाशी जावयाचे. वायुभारमापकातील पारा किती उंचीवर आहे, उष्णतामापक काय दाखवितो, वारा कोणत्या दिशेचा आहे, आणि टांगलेली चुंबकसूची आपल्या जागेवरून किती ढळली आहे, हे पाहून वहीत लिहावयाचे. हे काम एकट्या मुंबईचे नव्हते. जर्मनीतील गॉस नावाच्या महान गणितज्ञाने अशी पद्धत घालून दिली होती की, ठरविलेल्या दिवशी पृथ्वीवरील निरनिराळ्या वेधशाळांनी एकाच क्षणी चुंबकसूची पाहावी, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वात होणारे फेरफार सर्वत्र एकदम होतात की कसे ते कळेल. कुलाब्याच्या टोकावर दिव्याच्या उजेडात सूची न्याहाळणारा नागावचा मुलगा अशा रीतीने जगभर पसरलेल्या एका मोठ्या कामाचा भागीदार झाला होता.

ह्या कामात चातुर्यापेक्षा प्रामाणिकपणा अधिक लागतो. पहाटे झोपेने डोळे जड झाले असता मागच्या तासाचा आकडा पुढे लिहून ठेविला, तर तो खोटा आहे हे कोणासही कळणार नाही. मात्र त्या दिवसाचे सारे टिपण बिघडेल. उलट, जो खरोखर उठून पाहतो त्यास सृष्टी आपली गुपिते सांगते. आपल्या उष्ण प्रदेशात वायुभारमापकातील पारा दररोज दोनदा चढतो व दोनदा उतरतो. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास तो सर्वांत वर असतो, आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास सर्वांत खाली. समुद्राला जशी भरती-ओहोटी आहे तशी हवेलाही आहे. पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत वाचून होते. पण ज्याने महिनोगणती स्वतः पारा पाहिला आहे तो ती कधी विसरत नाही.

येथे आमचा स्वतःचा एक अनुभव नमूद केल्यास वाचक क्षमा करतील. आम्ही ज्या शाळेत शिकलो तेथे एक वायुभारमापक होता. तो काचेच्या कपाटात होता, आणि कपाटाला कुलूप होते. आम्ही त्याचे वर्णन तोंडपाठ केले, आकृती काढली आणि परीक्षेत पूर्ण गुण मिळविले. पुढे सेमिनरीत असताना एका वयोवृद्ध शिक्षकांनी पाऱ्याने भरलेली नळी आमच्या देखत वाटीत उलटी धरिली. तो पारा थोडासा उतरून अधांतरी उभा राहिला, तेव्हा आपण ज्या हवेत वावरतो तिला वजन आहे हे आम्हांस प्रथमच समजले. तोपर्यंत आम्ही ते नुसते म्हणत होतो. म्हणणे व समजणे ह्यांतील हे अंतर ज्यास कळले तोच खरा शिक्षक होतो, आणि केरूनानांस ते सोळाव्या वर्षी कळले होते.

१८५१ साली पुण्यातील संस्कृत पाठशाळा व तेथील इंग्रजी शाळा एकत्र करून पुणे कॉलेज स्थापन करण्यात आले. हेच पुढे डेक्कन कॉलेज झाले. केरूनाना वेधशाळा सोडून ह्या नव्या कॉलेजात सृष्टिशास्त्र व गणित मराठीतून शिकविण्यास गेले. मराठी शाळांवर नेमावयाचे शिक्षक तयार करण्याच्या कामातही त्यांचा मोठा हात होता. हे काम बाहेरून लहान दिसते. परंतु एका शिक्षकाने शंभर मुले शिकविली तर शंभरच मुले शिकतात, आणि शंभर शिक्षक शिकविले तर त्यांच्या हाताखालून जाणारी मुले मोजता येत नाहीत. मराठी शाळांसाठी त्यांनी अंकगणित व पदार्थविज्ञान ह्या विषयांवर पुस्तके लिहिली. त्या काळी ह्या शास्त्रांतील पुष्कळ गोष्टींस मराठीत रूढ शब्दही नव्हते. ज्या मुलास इंग्रजी येत नाही त्याने विज्ञानास मुकावे हे त्यांस मान्य नव्हते. ज्ञानप्रसारक सभेपुढेही त्यांनी हवा, भरती-ओहोटी अशा विषयांवर मराठीतून निबंध वाचले.

भरती-ओहोटी हा विषय त्यांनी घेतला ह्याचे आपणां किनाऱ्यावरच्या लोकांस नवल वाटणार नाही. आपले कोळी बांधव घड्याळावाचून भरतीची वेळ सांगतात. तिथीला तीनांनी गुणावे व चारांनी भागावे, म्हणजे जितके येईल तितक्या वाजता भरती, असा जुना आडाखा आहे. अष्टमीस तो लावून पाहा : आठ त्रिक चोवीस, चोविसास चारांनी भागले असता सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, आणि तीही भांगाची. पौर्णिमेस व अमावास्येस उधाण, आणि त्याची वेळ बाराच्या सुमारास. हा आडाखा का चालतो? चंद्र दररोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो आणि समुद्र त्याच्या मागून चालतो म्हणून. ज्या मुलाच्या बापाने होडी लोटताना हा हिशेब शेकडो वेळा केला आहे, त्या मुलास शाळेत चंद्राचे आकर्षण केवळ पुस्तकातून पाठ करावे लागावे ही दुःखाची गोष्ट नव्हे काय?

आता केरूनानांच्या आयुष्यातील मुख्य कार्याकडे वळू. ते म्हणजे पंचांगाची शुद्धी. त्या काळी महाराष्ट्रात बहुतेक पंचांगे ग्रहलाघव ह्या ग्रंथावरून होत असत. तो ग्रंथ १५२० साली गणेश दैवज्ञ ह्यांनी रचिला, आणि हे गणेश दैवज्ञही आपल्याच किनाऱ्याचे, मुरूडच्या अलीकडील नांदगावचे. त्यांचे वडील केशव दैवज्ञ हे स्वतः आकाशाचे वेध घेणारे विद्वान होते. जुन्या ग्रंथांनी दिलेली ग्रहांची स्थाने आकाशाशी जुळत नाहीत असे पाहून ह्या पितापुत्रांनी त्यांत सुधारणा केली, आणि गणेश दैवज्ञांनी गणिताची रीत इतकी सोपी केली की, गावोगावचे जोशी ती वापरू लागले. परंतु कोणतेही गणित तीन-साडेतीनशे वर्षे हात न लावता अचूक राहत नाही. दररोज थोडेसे पुढे जाणारे घड्याळ जसे काही महिन्यांनी भलतीच वेळ दाखविते, तसे पंचांगाचे झाले. ग्रह पंचांगात एके ठिकाणी व आकाशात दुसरे ठिकाणी, असे दिसू लागले.

केरूनानांनी युरोपातील नव्या वेधांवर आधारलेली कोष्टके अभ्यासिली आणि १८६० साली ग्रहसाधनाची कोष्टके हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. त्यावरून मराठी जाणणाऱ्या कोणासही सूर्य, चंद्र व ग्रह ह्यांची खरी स्थाने गणिताने काढता येऊ लागली. पुढे १८६५ पासून आबासाहेब पटवर्धन ह्यांच्या साह्याने शुद्ध गणिताचे पंचांग निघू लागले. ते पटवर्धनी पंचांग ह्या नावाने प्रसिद्ध आहे. वर्षाचे मान त्यांनी शुद्ध घेतले. सूर्यसिद्धांतातील वर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षाहून सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. साडेतीन मिनिटे ती काय, असे कोणी म्हणेल. परंतु शतकामागून शतक ती साठत जातात.

लोकांनी हे पंचांग डोक्यावर घेतले नाही. सण व व्रते ह्यांचे दिवस बदलतात, कधी अधिक मासही वेगळा येतो, हे पुष्कळांस रुचले नाही. वाडवडिलांची रीत टाकू नये असे त्यांस वाटले. केरूनानांच्या पंचांगास अनुयायी थोडेच मिळाले. तरी त्यांनी आपले गणित सोडले नाही. आमच्या मते त्यांनी वाडवडिलांची रीत टाकलीच नव्हती. नांदगावच्या दैवज्ञांची खरी रीत, म्हणजे ग्रंथ आकाशाशी ताडून पाहण्याची रीत, त्यांनीच पुन्हा चालू केली होती.

आपणां कॅथोलिकांस ह्या गोष्टीत एक ओळखीचा इतिहास दिसेल. ज्युलियन पंचांगाचे वर्ष खऱ्या सौर वर्षाहून सुमारे अकरा मिनिटांनी मोठे होते. ती मिनिटे साठून सोळाव्या शतकात दहा दिवसांची चूक झाली, आणि पुनरुत्थानाचा सण आपल्या खऱ्या ऋतूपासून ढळू लागला. तेव्हा पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनी इटलीतील लिलियस नावाच्या वैद्याने सुचविलेली योजना पुढे आणिली, आणि येशूसंघीय फादर क्लाव्हियस ह्यांनी तिचे गणित तपासून तिचे समर्थन केले. क्लाव्हियस हे रोममध्ये गणिताचे शिक्षक होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १५८२ साली ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर मानण्यात आला. पोर्तुगालने ही सुधारणा तत्काळ स्वीकारली. आपले रेवदंडे तेव्हा त्याच सत्तेखाली होते. इंग्लंडने मात्र ती १७५२ साली, म्हणजे १७० वर्षांनी स्वीकारली. सुधारणा पोपमहाशयांची आहे एवढ्यावरून एका शहाण्या राष्ट्राने पावणेदोन शतके चुकीचे पंचांग चालविले. ह्यावरून आपण इतकेच शिकावे की, सत्य कोणाच्या हातून आले हे पाहून त्याची किंमत करू नये. आणि आपले गणित बरोबर असता लोक ऐकत नाहीत म्हणून धीर सोडू नये.

डेक्कन कॉलेजात केरूनाना गणित व सृष्टिशास्त्र ह्यांचे प्राध्यापक होते. त्यांच्या हाताखाली जे विद्यार्थी शिकले त्यांत बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर ही दोन नावे सर्वांस ठाऊक आहेत. टिळक हे गणिताचे निष्ठावंत विद्यार्थी होते, आणि आपल्या ह्या गुरूंविषयी त्यांच्या मनात जन्मभर आदर राहिला. पुढे ओरायन हा ग्रंथ त्यांनी १८९३ साली लिहिला. त्यात वेदांचा काळ नक्षत्रांच्या स्थितीवरून ठरविण्याचा यत्न आहे. ते कार्य ज्योतिषाच्या गणितावाचून झाले नसते. केरूनानांचे पंचांगशुद्धीचे कार्यही टिळकांनी उचलून धरिले, आणि गुरूच्या हयातीत थोड्यांनीच मानलेली गोष्ट शिष्याने परिषदांतून महाराष्ट्रापुढे मांडिली.

आगरकरांचा मार्ग निराळा. कोणतीही रूढी बुद्धीच्या कसोटीस लावल्यावाचून मानावयाची नाही, असा त्यांचा बाणा होता. पुढे ह्या दोन मित्रांत तीव्र मतभेद झाले हे सर्वश्रुत आहे. तरी एकाच गुरूच्या हाताखाली दोघे घडले, आणि दोघांनीही सरकारी नोकरीची वाट सोडून शाळेची वाट धरिली. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व नामजोशी ह्यांनी १८८० सालच्या आरंभी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढिले, आणि पुढच्याच वर्षी आगरकर त्यांस मिळाले. टिळक तेथे मुलांस गणित शिकवीत. उत्तम गुरूची ही एक खूण आम्हांस दिसते. त्याचे शिष्य एकमेकांसारखे होत नाहीत, सर्व गोष्टींत त्याच्यासारखेही होत नाहीत. परंतु तपासून पाहावे व जे पटले त्यासाठी झीज सोसावी, हे दोन्ही गुण ते बरोबर घेऊन जातात.

१८७७ साली सरकारने केरूनानांस रावबहादूर ही पदवी दिली, आणि १८७९ साली ते नोकरीतून निवृत्त झाले. १९ मार्च १८८४ रोजी त्यांचा देहान्त झाला. त्याच वर्षी काही महिन्यांनी त्यांच्या शिष्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढील वर्षाच्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज उघडले. ते पाहण्याचे सुख त्यांस लाभले नाही.

ह्या चरित्रास आपल्या किनाऱ्यावर आणखी एक शेवट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू होणार असे ठरले. विजेच्या प्रवाहामुळे कुलाब्याच्या नाजूक चुंबकसूची बिघडणार हे उघड होते. म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस ह्यांनी ते काम अन्यत्र हलविण्याची व्यवस्था केली, आणि जागा निवडिली ती अलिबागेची. तेथे १९०४ साली नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. तिच्या इमारतीस चुंबकावर परिणाम न करणारा पोरबंदरचा दगड वापरला आहे. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी मोजमापे घेऊन, ती ताडून पाहून, मगच कुलाब्याचे काम बंद केले. नागावच्या मुलाने ज्या कामावर तरुणपण घालविले ते काम अशा रीतीने त्याच्या गावापासून दोन-तीन कोसांवर येऊन राहिले, आणि ते अद्यापि चालू आहे. अलिबागेस बाजारहाटासाठी आपण किती वेळा जातो. परंतु त्या कुंपणाच्या आत काय मोजतात हे आपल्या मुलांपैकी किती जणांस ठाऊक असेल?

महोत्सवाच्या निमित्ताने काय बांधावे ह्याची चर्चा आपल्या धर्मग्रामात वर्षभर चालली आहे. कोणी कमान म्हणतात, कोणी मंडप म्हणतात. दोन्ही गोष्टी शोभेच्या आहेत, आणि ज्यांनी त्या सुचविल्या त्यांचे प्रेम आम्ही जाणतो. तथापि आमची एक विनंती आहे. शाळेतील कपाट प्रथम उघडावे. त्यातील काचेच्या नळ्या फुटतील, पारा नव्हे पण पाणी तरी सांडेल, काही भिंगे हरवतील. त्यांची भरपाई महोत्सवाच्या निधीतून व्हावी. धक्क्यावर एक लाकडी काठी रोवून तिच्यावर वितींच्या व बोटांच्या खुणा कराव्यात, आणि वरच्या वर्गातील मुलांनी एक वर्षभर दररोज भरतीची उंची व वेळ वहीत लिहावी. जी मुले अभ्यासात मागे आहेत असे आपण म्हणतो, त्यांसच हे काम प्रथम द्यावे. त्यांच्यापैकी पुष्कळ कोळ्यांची मुले आहेत. ह्या विषयात ती आपल्या शिक्षकांसही काही शिकवतील. आणि जे आकडे दिसतील तेच लिहावयाचे, न पाहिलेला आकडा कधीही लिहावयाचा नाही, एवढा एकच नियम त्यांस घालून द्यावा. हा नियम पदार्थविज्ञानाचा आहे, आणि आठव्या आज्ञेचाही आहे.

वर्षअखेर ती वही आपण देवळात, उपकारस्तुतीच्या मिस्सेच्या वेळी, अर्पणाबरोबर वेदीपाशी आणू. ज्या परमेश्वराने समुद्राला मर्यादा घालून दिली, त्याच्या कृतीचे ते एक खरे टिपण असेल. केरूनानांचे नाव आपल्या धर्मग्रामात चालू ठेवण्यास ह्याहून चांगला मार्ग आम्हांस सुचत नाही.